एचएफ रेडिओ बसवताना आणि वापरताना : प्रकल्प नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

कामाला आजपासून हात घातला. बोट १२ मीटरची, फायबरग्लासची, एका डोलकाठीची. मे महिन्यात अटलांटिक पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडायचा आहे, पहिला मुक्काम अझोरेस. बोटीवर व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याचा रेडिओ) आहे, पण त्याच्या लहरी जवळपास सरळ जातात. शिडाच्या दोन बोटींमध्ये पंधरा-वीस सागरी मैलांपलीकडे त्याचा भरवसा नाही. उपग्रह फोनही बरोबर असेल. मग एचएफचा, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लांब पल्ल्याच्या रेडिओचा, हा जुना खटाटोप कशाला, असं कॅप्टननी विचारलं. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर लिहूनच ठेवतो.

फोनवर आपण एकाशी बोलतो. एचएफवर एक बोलतो आणि त्या पाण्यातले सगळे ऐकतात. संकटात सापडलेल्या बोटीला सर्वांत आधी मदत बहुतेक वेळा दुसरी बोटच करू शकते, आणि तिचा फोन नंबर आपल्याकडे नसतो. दुसरं म्हणजे हवामानाचे नकाशे. अनेक देशांच्या हवामानसेवा आजही आपले नकाशे रेडिओफॅक्सने (रेडिओवरून चित्र पाठवण्याच्या पद्धतीने) प्रसारित करतात. ते घ्यायला ना वर्गणी लागते ना खातं. रिसीव्हर, अँटेना आणि वेळापत्रक एवढ्यावर भागतं. तिसरं कारण माझं स्वतःचं : आयनांबरावरून परतणारी लहर आणि आपण यांच्या मध्ये कोणाचीही यंत्रणा नसते. बिघाड झाला तर तो बोटीवरच असतो, म्हणजे शोधता येतो.

कागदपत्रं : बोटीचा रेडिओ परवाना आला. त्यावर नऊ अंकी एमएमएसआय (बोटीचा रेडिओ ओळखक्रमांक) आहे, तो सेटमध्ये घातला की डीएससीचं, म्हणजे अंकी संकटसंदेश आपोआप पाठवणारं, लाल बटण कामाचं होतं. माझ्याकडे लाँग रेंज सर्टिफिकेट (लांब पल्ल्याचा सागरी रेडिओ चालवण्याचा दाखला) आहे. हौशी बँडवर बोलायचं तर हौशी परवाना वेगळा लागतो. तोही आहे.

१६ फेब्रुवारी

अँटेना. बॅकस्टेला (डोलकाठीला मागून ताणून धरणाऱ्या तारेला) वर आणि खाली इन्सुलेटर बसवून मधला भाग अँटेना म्हणून वापरायचा हे ठरलेलंच होतं. प्रश्न लांबीचा. ट्यूनर (सेट आणि अँटेना यांचा मेळ घालणारं यंत्र) जवळपास कुठल्याही लांबीची तार जुळवून घेतो, पण तार वापरातल्या फ्रिक्वेन्सीला बरोबर अर्धी तरंगलांबी झाली तर तिच्या टोकाचा रोध हजारो ओहमवर जातो आणि ट्यूनरची दमछाक होते. १४२.५ ला मेगाहर्ट्झने भागलं की अर्ध्या तरंगलांबीची तार मीटरमध्ये मिळते. साडेअकरा मीटर घेतली तर ती १२.४ मेगाहर्ट्झवर, म्हणजे ऐन १२ च्या सागरी बँडवर बसते. सव्वासतरा मीटर घेतली तर ८ चा बँड अडचणीत येतो. १४ मीटर घेतली तर अडचणीची जागा १०.२ आणि तिच्या दुपटीला, २०.४ वर येते. तिथे सागरी बोलण्याचा बँड नाही. ट्यूनरपासून वर जाणारी तार हाही अँटेनाचाच भाग, म्हणून २ मीटर ती आणि १२ मीटर बॅकस्टे असा हिशेब धरला.

खालचा इन्सुलेटर डेकपासून हात पोचणार नाही इतका उंच घेतला आहे. प्रसारण चालू असताना त्या तारेला हात लागला तर खोल भाजतं आणि जखम लवकर भरत नाही. ट्यूनरकडून येणारी तार उच्च दाबाची घेतली आणि बॅकस्टेच्या खालच्या तुकड्यापासून प्लास्टिकच्या ठोकळ्यांनी दोन बोटं लांब धरली.

२ मार्च

आठवडाभर बोटीच्या तळात वाकून काम. बॅकस्टे ही अँटेनाची अर्धी बाजू, दुसरी बाजू म्हणजे ग्राउंड. फायबरग्लासच्या बोटीत ती फुकट मिळत नाही. ट्यूनर मागच्या कप्प्यात शक्य तितका खाली बसवला आणि तिथून ७५ मिलिमीटर रुंद तांब्याची पट्टी कांस्याच्या थ्रू-हलपर्यंत (बोटीच्या तळातून आरपार समुद्राच्या पाण्यात जाणाऱ्या नळीपर्यंत) नेली. गोल तारेपेक्षा रुंद पट्टी बरी, कारण या फ्रिक्वेन्सीचा प्रवाह धातूच्या पृष्ठभागावरूनच धावतो. पट्टी आखूड ठेवणं मात्र सर्वांत महत्त्वाचं. २२ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी जेमतेम ३.४ मीटर भरते. पट्टी तेवढी लांब झाली की तिचं समुद्राकडचं टोक कितीही चांगलं जोडलेलं असो, ट्यूनरकडच्या टोकाला ते जोडलेलंच नसल्यासारखं वागतं. आमची पट्टी दीड मीटरच्या आत बसली.

तांबं, कांस्य आणि समुद्राचं पाणी एकत्र आलं की डीसी प्रवाहाने धातू झिजतो. त्यासाठी पट्टी एका जागी दोन-तीन मिलिमीटर कापली आणि त्या फटीवर ०.१५ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर शेजारी-शेजारी डाखले. डीसी तिथेच अडतो, रेडिओचा प्रवाह पार होतो. मल्टिमीटर लावला, दोन तुकड्यांमध्ये वाट बंद. पुढच्या वर्षी कोणी ही पट्टी बघून तुटली म्हणून जोडायला जाऊ नये, यासाठी शेजारी पत्र्यावर कोरून ठेवलं आहे.

जोडीला डेकखाली चार इन्सुलेटेड तारा पसरल्या, एकेका बँडच्या पाव तरंगलांबीच्या : ४ मेगाहर्ट्झसाठी १७.९ मीटर (वळणं घेत), ८ साठी ९, १२ साठी ६, १६ साठी साडेचार. त्यांची मोकळी टोकं झाकून घेतली, तिथेही दाब चढतो.

८ मार्च

वीज. सेट १०० वॉटचा, बोलताना शब्दाच्या जोरावर २५ अँपियरपर्यंत ओढतो. त्याला १३.८ व्होल्ट हवेत, १५ टक्के कमी-जास्त चालतात, म्हणजे तळाला ११.७. बॅटरीपासून सेटपर्यंत ६ मीटर, जाऊन-येऊन १२. ६ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये २५ अँपियरला ०.८६ व्होल्ट गळतात, १६ च्या केबलमध्ये ०.३२. बॅटरी १२.४ वर असताना पहिल्या केबलने सेट तळाच्या खाली जाईल आणि समोरच्याला आवाज थरथरत ऐकू येईल. १६ ची ओढली. फ्यूज बॅटरीजवळ. काम संपलं.

१६ मार्च

या प्रकल्पातलं सर्वांत मोठं काम हेच, असं आता वाटतं. सेट पहिल्यांदा चालू केला तेव्हा ८ मेगाहर्ट्झवर एकही स्टेशन नसताना एस-मीटर (येणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) ७ वर उभा. कानात नुसती करकर. धक्क्यावरची वीज काढली तरी फरक नाही. गोंगाट आमच्याच बोटीतला.

पद्धत साधी ठेवली. सेट बॅटरीवर चालू. मी हेडफोन लावून मीटरसमोर, कॅप्टन स्विचबोर्डशी. एकेक स्विच बंद करायचा, आकडा लिहायचा, पुन्हा चालू करायचा.

"आता?"
"तसाच."
"आता?"
"थांबा. दोन घर उतरला. काय बंद केलंत?"
"फ्रिज."

असं करत यादी झाली. फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा कंट्रोलर. सौर पॅनेलचा एमपीपीटी चार्जर (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) : ऊन चढलं की त्याची शिट्टी चढते, संध्याकाळी आपोआप थांबते. इन्व्हर्टर. केबिनमधले दोन एलईडी दिवे (बाकीचे त्याच जागी त्याच दिसण्याचे, पण शांत). आणि ज्याचा संशयही आला नव्हता तो लॅपटॉपचा चार्जर.

उपाय प्रत्येकाचा वेगळा. फ्रिजच्या आणि एमपीपीटीच्या तारा ३१ नंबरच्या मिश्रणाच्या फेराइट रिंगांतून (तारेतला रेडिओ गोंगाट अडवणाऱ्या चुंबकीय कड्यांतून) फिरवल्या. एकाच रिंगेतून सहा-सात वेढे, नुसती एकदा पार केलेली तार या फ्रिक्वेन्सीला फार थोडं अडवते. दिवे बदलले. इन्व्हर्टर आणि लॅपटॉपचा चार्जर यांच्याबद्दल नियम केला : रेडिओच्या वेळेला बंद. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर.

संध्याकाळी मीटर २ वर आला. एस-मीटरचं एक घर म्हणजे ६ डेसिबल, पाच घरं म्हणजे ३०. समोरच्या स्टेशनने आपली ताकद हजारपट वाढवली असती तर जो फरक पडला असता, तो आम्ही स्विचबोर्ड आणि फेराइटवर मिळवला. १०० वॉटच्या जागी १५० वॉटचा सेट घ्यावा का, यावर जानेवारीत आमच्यात बरीच चर्चा झाली होती. त्या पन्नास वॉटने मिळाले असते १.८ डेसिबल, मीटरच्या एका घराचा तिसरा हिस्सा, आणि तेही फक्त बोलताना. एचएफवर पैसा आणि वेळ आधी ऐकण्यावर खर्च करावा. जे ऐकूच येत नाही त्याच्याशी बोलता येत नाही, आणि नकाशे तर सगळे ऐकूनच मिळतात.

२९ मार्च

पहिला नकाशा. बॉस्टनचं स्टेशन एनएमएफ, ९११० किलोहर्ट्झ. अप्पर साइडबँडवर (एचएफवर बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) रेडिओ नेमून दिलेल्या फ्रिक्वेन्सीच्या १.९ किलोहर्ट्झ खाली लावायचा, म्हणजे ९१०८.१. कारण फॅक्समध्ये काळा रंग म्हणजे १५०० हर्ट्झचा सूर, पांढरा म्हणजे २३००, आणि दोहोंचा मध्य १९००. न्यू ऑर्लिन्सच्या एनएमजीची ८५०३.९ ही फ्रिक्वेन्सी विचित्र वाटते, पण वजाबाकी केली की डायलवर ८५०२ असा पूर्ण आकडा येतो.

सेटचा आवाज लॅपटॉपला देताना मध्ये एकास-एक ट्रान्सफॉर्मर घातला आहे, नाहीतर दोन्हींच्या ग्राउंडमधून गुणगुण घुसते. आधी ३०० हर्ट्झची सुरुवातीची खूण आली, मग रेषा जुळवणारे ठोके, आणि मग मिनिटाला १२० रेषा या वेगाने कागद वरून खाली उमटू लागला. आधी चौकटीचा मजकूर, मग ग्रीनलंडचा किनारा, मग समभार रेषा. सुमारे दहा मिनिटांत अर्धा अटलांटिक समोर.

नकाशा थोडा तिरका आला. लॅपटॉपच्या साउंड कार्डाचं घड्याळ किंचित चुकतं त्यामुळे. दहा लाखांत शंभर भागांची चूक असली तरी दहा मिनिटांत ०.०६ सेकंद साचतात, आणि एक रेषा अर्ध्या सेकंदाची असल्याने कागद रुंदीच्या १२ टक्के कलतो. सॉफ्टवेअरमध्ये ती चूक एकदा मोजून भरली, पुढचा नकाशा सरळ.

कॅप्टन बराच वेळ पडद्यासमोर उभे होते. "हे कोणी काढलंय?" त्यांनी विचारलं. माणसाने. मला या नकाशांचं मोल तिथेच वाटतं. ग्रिब फाइल म्हणजे संगणकाच्या हवामान मॉडेलचे कच्चे आकडे : प्रत्येक अंशाला वारा आणि दाब. तीत आघाड्या, म्हणजे थंड आणि उबदार हवेच्या सीमारेषा, नसतात. फॅक्सवरची थंड आघाडी कोणी तरी उपग्रहाची चित्रं, जहाजांचे आणि तरंगत्या बोयांचे अहवाल शेजारी ठेवून, विचार करून ओढलेली असते.

६ एप्रिल

ईमेल. पॅक्टर मोडेम (एचएफवरून मजकूर पाठवणारं यंत्र) जोडला. सेलमेल आणि विनलिंक या एचएफवरच्या दोन ईमेल सेवा, दोन्हींची खाती आहेत. विनलिंक हौशी बँडवर चालतं, तिथे धंद्याचा निरोप पाठवता येत नाही. सेलमेलवर वेळेचं बंधन आहे, आठवड्याला सरासरी ९० मिनिटं. म्हणून ग्रिबची मागणी काटकसरीने लिहायची : हव्या तेवढ्याच अक्षांश-रेखांशांची चौकट, एक अंशाची जाळी, २४, ४८, ७२ आणि ९६ तास, फक्त दाब आणि वारा. लाटा, पाऊस, ढग मागितले की फाइल फुगते आणि फ्रिक्वेन्सी अडून राहते. त्याच फ्रिक्वेन्सीवर आणखी बोटी आपली वेळ यायची वाट बघत असतात. जोडणी करण्याआधी अर्धा मिनिट ऐकायचंच, हा नियम मोडेमच्या झाकणावर चिकटवला.

१२ एप्रिल

कुठल्या वेळी कुठला बँड वापरायचा याचा, चार्ट टेबलावर लावायचा तक्ता तयार केला. व्होआकॅपच्या (लहरी कुठे पोचतील याचा अंदाज देणाऱ्या प्रोग्रॅमच्या) अंदाजावरून कच्चा, मग प्रत्यक्ष ऐकून दुरुस्त.

पाया असा. साधारण ६० ते ९० किलोमीटरवरचा आयनांबराचा डी थर दिवसा तयार होतो आणि खालच्या फ्रिक्वेन्सी गिळतो; सूर्य मावळला की विरतो. २०० ते ४०० किलोमीटरवरचा एफ थर लहर परतवतो, आणि ऊन चांगलं असताना जास्त वरच्या फ्रिक्वेन्सीही परतवतो. म्हणून दिवसा १२ आणि १६ मेगाहर्ट्झ, उन्हं कलली की ८, रात्री ६ आणि ४. सूर्याच्या सक्रियतेचं सध्याचं आवर्तन, सौरचक्र २५, शिखराच्या आसपास आहे, त्यामुळे यंदा २२ मेगाहर्ट्झही दुपारी उघडा मिळतो.

याला जोडून अंतर. १२ वर दोन हजार मैलांवरचं स्टेशन खणखणीत येईल आणि दोनशे मैलांवरची बोट अजिबात येणार नाही, कारण तिची लहर आपल्या डोक्यावरून उडी मारून पुढे उतरते. जवळच्यांशी ४ वर बोलायचं. अनेक जण "रेडिओ चालत नाही" म्हणतात तेव्हा रेडिओ चालत असतो, बँड आणि वेळ जमलेली नसते.

तक्त्याच्या खाली संकटाच्या फ्रिक्वेन्सी लाल शाईने : बोलण्यासाठी ४१२५, ६२१५, ८२९१, १२२९०, १६४२०, डीएससीसाठी ४२०७.५, ६३१२, ८४१४.५, १२५७७, १६८०४.५ किलोहर्ट्झ. सगळ्या वेळा यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत).

२६ एप्रिल

समुद्रावर चाचणी. ८ मेगाहर्ट्झवर बोलायला लागलो आणि ऑटोपायलटने बोट वीस अंश डावीकडे वळवली. बटण सोडलं की पुन्हा मार्गावर. दिशा दाखवणाऱ्या फ्लक्सगेटच्या तारेत आमचं प्रसारण शिरत होतं. ती तार ट्यूनरच्या शेजारून जात होती. तिला दुसऱ्या बाजूने नेलं आणि दोन्ही टोकांना फेराइट घातलं. दुपारी चारही बँडवर बोलून बघितलं, सुकाणू जागचं हललं नाही. तरी वाऱ्याकडे पाठ करून जाताना बोलायचं असेल तर सुकाणूवर हात ठेवून एक माणूस बसेल, असं ठरलं.

डीएससीचा पहारा ठेवणारा रिसीव्हर वेगळा असतो, त्याला स्वतःची छोटी अँटेना दिली आहे.

४ मे, समुद्रावर

तिसरा दिवस. एनएमएफचे नकाशे दुपारी १२७५० वर, संध्याकाळनंतर ९११० वर. वेळापत्रकातले सगळे घ्यायचे नाहीत, असं ठरवलं आहे. रोज चार : सद्यस्थितीचा पृष्ठभाग, ४८ तासांचा अंदाज, ९६ तासांचा, आणि ५०० हेक्टोपास्कलचा, म्हणजे वरच्या हवेत तेवढा दाब किती उंचीवर आहे ते दाखवणारा.

शेवटचा बहुतेक बोटी सोडून देतात. मला तो फार उपयोगाचा वाटतो. त्यावर ५६४० मीटरची रेषा जाड काढलेली असते. जोराचे वारे दक्षिणेकडे साधारण कुठपर्यंत पोचतील याची ती ठोकळ हद्द, आणि वादळांची वाट तिच्या काहीशे मैल उत्तरेला. ती रेषा खाली झुकायला लागली की पृष्ठभागाच्या नकाशावर काही दिसण्याच्या आधी आपण सावध होतो. आज ती आमच्या बरीच वर, ४३ अंशांच्या आसपास आहे.

९ मे

सकाळची सभा. याच वाटेने निघालेल्या बोटी रोज ठरलेल्या वेळी ८२९४ वर जमतात. चालवणारा आधी विचारतो : कोणाकडे तातडीचा निरोप? मग काही सेकंद पूर्ण शांतता. त्यानंतरच हजेरी. प्रत्येकाने नाव, अक्षांश-रेखांश, वारा, दाब, आकाश एवढंच सांगायचं. गप्पा नंतर, दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर.

आमच्या दक्षिणेला सुमारे नव्वद मैलांवर असलेली बोट आम्हाला ऐकूच येत नाही. पाचशे मैल पुढची बोट तिचं सगळं बोलणं आम्हाला परत वाचून दाखवते. संध्याकाळी ४१४६ वर तीच जवळची बोट शेजारच्या केबिनमधून बोलावं तशी आली. तक्त्यात लिहिलेलं सगळं असं समोर घडताना बघणं वेगळंच.

११ मे

काल रात्रीच्या नकाशावर आमच्या वायव्येला कमी दाबाचं केंद्र, तिथून नैर्ऋत्येकडे लोंबणारी थंड आघाडी. अंदाजानुसार ती आज रात्री आमच्यावरून जायची. इथे दाब १०१६ वरून १०१२, वारा नैर्ऋत्येचा, १८ नॉट. बाइस बॅलटचा १८५७ चा नियम करून बघितला : उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ केली की कमी दाब डाव्या हाताला. हात वायव्येकडेच गेला, नकाशा आणि आकाश जुळतात.

खरी माहिती सकाळच्या सभेत मिळाली. आमच्या पश्चिमेला तीनशे मैलांवरच्या बोटीने सांगितलं : पहाटे सहाला जोराचा पाऊस, वारा नैर्ऋत्येवरून एकदम वायव्येला फिरला, ३५ नॉटचे झोत, त्यानंतर दाब चढायला लागला. म्हणजे आघाडी तिथून ०६०० ला गेली. आदल्या दोन नकाशांवरची आघाडीची जागा मोजली तर वेग २५ नॉट निघतो. तीनशे भागिले पंचवीस, बारा तास. आम्ही पूर्वेकडे सरकतोय म्हणून त्यात आणखी काही. अंदाज १८०० ऐवजी २०००-२२०० लिहिला.

कॅप्टननी उजेड असतानाच मुख्य शीड दोन रीफ (दोन घड्या) कमी केलं, पुढचं छोटं शीड चढवलं, सगळ्यांना लवकर जेवून झोपायला लावलं. २११० ला वारा फिरला. झोत ३४. दहा मिनिटं धुवांधार, मग तारे. कोणालाही अंधारात पुढच्या डेकवर जावं लागलं नाही. फॅक्सने आघाडी दाखवली, दुसऱ्या बोटीने तिची वेळ सांगितली, बॅरोमीटरने दोन्हींना दुजोरा दिला. तिन्हींपैकी एकावरच विसंबलो असतो तर मी इतक्या निश्चिंतपणे कॅप्टनना वेळ सांगू शकलो नसतो. आमचाही अहवाल लगेच पुढच्या बोटींना ४१४६ वर दिला. त्यांच्यासाठी आता आम्ही पश्चिमेची बोट.

१४ मे

सकाळी जर्मनीच्या पिनेबर्गचं आरटीटीवाय (रेडिओवरून टेलिप्रिंटरसारखा मजकूर) घेत होतो, १०१००.८ किलोहर्ट्झ, ५० बॉड. अटलांटिकच्या या बाजूला आल्यापासून त्याचे मजकुराचे अहवाल चांगले येतात. ०८२० च्या सुमाराला अक्षरं बिघडू लागली आणि पाच-सात मिनिटांत काहीच उरलं नाही. पार्श्वभूमीची सळसळसुद्धा खाली गेली. ८ वर बघितलं, तिथेही काही नाही. १२, १६ तसेच.

पहिला संशय अँटेनावर. कोॲक्स (सेटपासून ट्यूनरपर्यंतची केबल), ट्यूनर, खालचा इन्सुलेटर, सगळं तपासलं, ठीक. कुठली तार सुटली असती तर सगळे बँड असे एकापाठोपाठ, क्रमाने गेले नसते. खालच्या फ्रिक्वेन्सी आधी आणि पूर्ण गेल्या होत्या, १६ वर सर्वांत शेवटी. ही डी थराची खूण : सूर्यावरच्या स्फोटाचे क्षकिरण आठ मिनिटांत पोचतात, उन्हातल्या बाजूचा डी थर एकदम दाट होतो आणि लहरी वर पोचायच्या आतच शोषल्या जातात. शोषण फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, म्हणून परत येताना वरच्या आधी येतात. सेट १४४६७.३ वर लावून ठेवला. तिथली टकटक आधी परतली, १०१००.८ बऱ्याच वेळाने.

संध्याकाळी डब्ल्यूडब्ल्यूव्ही (अमेरिकेचं वेळ सांगणारं स्टेशन), १५ मेगाहर्ट्झ. तासाच्या १८ व्या मिनिटाला अवकाशातल्या हवामानाची बातमी असते : आर-३ पातळीचे रेडिओ ब्लॅकआउट झाल्याचं सांगितलं. रात्री ईमेलमध्ये तपशील मिळाला : ०८२५ यूटीसीला एक्स २.७ चा (एक्स हा सर्वांत तीव्र वर्ग) स्फोट, आदल्या दिवशीही एक्स १.२ चा एक.

तक्त्यावर नवीन ओळ घातली. दिवसा सगळे बँड एकदम बंद पडले तर सेट उघडू नये. सर्वांत वरच्या चालू फ्रिक्वेन्सीवर लावून थांबावं, तासाभरात उघडतो. तोवर तातडीचं काम असेल तर उपग्रह फोन. दोन्ही साधनं बोटीवर का हवीत, हे आता मला कोणाला समजावून सांगावं लागणार नाही. हा स्फोट आमच्याकडे रात्र असताना झाला असता तर आम्हाला जाणवलाही नसता.

१७ मे

बेटं नव्वद मैलांवर. ५१८ किलोहर्ट्झवर नॅवटेक्स (किनाऱ्यावरून येणाऱ्या सूचना छापणारा रिसीव्हर) छापायला लागला, किनाऱ्याजवळची सूचना आता त्यावर मिळेल. व्हीएचएफवरही कुजबुज सुरू.

अझोरेसला थांबल्यावर करायचं :

बॅकस्टेच्या खालच्या जोडावर मीठ साचलंय, उघडून, घासून, पुन्हा स्वयंचिकट टेपने बंद करायचा. सातत्याने ओल्या राहणाऱ्या जागी कोॲक्सचा कनेक्टर हिरवा पडलाय का तेही बघायचं.

एमपीपीटीची शिट्टी १२ मेगाहर्ट्झवर अजून पुसटशी ऐकू येते. दुपारच्या १२७५० च्या नकाशावर तिच्या तिरप्या रेषा उमटतात, त्यामुळे त्या वेळेत पॅनेलचा स्विच बंद ठेवावा लागतोय. त्या तारेला आणखी एक रिंग, आणि चार्जरपासून पॅनेलपर्यंतच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन नेण्याऐवजी आता समांतर आहेत, त्या पिळायच्या.

बॅरोमीटर बंदरातल्या अधिकृत दाबाशी जुळवून घ्यायचा. सभेत आपण जो आकडा सांगतो त्यावर दुसरे शीड कमी करतात.

चार बँडवर जमलेल्या ऐकण्याच्या नोंदी तक्त्यात भरायच्या आणि त्याची प्रत मागून येणाऱ्या बोटींना द्यायची. पुढच्या टप्प्यासाठी पिनेबर्गच्या फॅक्सच्या फ्रिक्वेन्सी : ७८८० आणि १३८८२.५, डायलवर ७८७८.१ आणि १३८८०.६.